गच्चीवरची मिरची आणि फडताळातली बाटली

रोहिणी संपून मृग लागला, की आपल्या वऱ्हाडात शेतकऱ्यांची जशी वावरात लगबग सुरू होते, तशी हल्ली गावातल्या गच्च्यांवरही होते. तेलाचे पत्र्याचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटके माठ, सिमेंटच्या गोण्या, जे सापडेल त्यात माती भरली जाते. कुणी वांगी लावतो, कुणी मिरची, कुणी सांभार आणि मेथी पेरतो. ही चांगली हवा आहे आणि ती वाढावी असे मला मनापासून वाटते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून हेच शिकवले, की घरातला ओला कचरा, झाडाखालचा पालापाचोळा आणि फुकट मिळणारे ऊन एवढ्या भांडवलावर गच्चीतही पीक घेता येते.

आरोग्याच्या सदरात कुंड्यांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण सांगतो. या सदराकडे आणि माझ्या दवाखान्यात आताशा एक प्रश्न वरचेवर येतो. ‘डॉक्टरसाहेब, आमच्या मिरचीची पाने आकसली. कृषी केंद्रातून औषध आणून फवारले तर चालेल ना?’ या प्रश्नातला ‘औषध’ हा शब्दच मला खुपतो. आपल्याकडे कीटकनाशकाला सर्रास औषध म्हणतात. औषध म्हटले की माणसाची भीती निघून जाते. मग ते घरात येते, स्वयंपाकघराच्या फडताळात विसावते आणि एक दिवस घात करते. माझे मत स्पष्ट आहे. घरच्या कुंड्यांसाठी रासायनिक कीटकनाशक घरात आणू नये. थोडेसुद्धा नाही.

हे मत मी भावनेपोटी मांडत नाही. त्यामागचा हिशेब पाहा.

शेतीच्या कीटकनाशकाच्या लेबलावर प्रमाण एकराला किंवा पंपाला दिलेले असते. समजा, दहा लिटर पाण्याला पाच मिलि असे लिहिले आहे. म्हणजे एक लिटरला अर्धा मिलि. गच्चीवरच्या आठ-दहा कुंड्यांना लिटरभर पाणी पुष्कळ झाले. आता अर्धा मिलि घरात कोण कशाने मोजणार? बाटलीचे एक बूच ओतले जाते. त्यात पाच-सात मिलि सहज मावते. झाला दहापट डोस! पेशंटने एका गोळीऐवजी दहा गोळ्या घेतल्या तर आपण धावाधाव करतो. भाजीच्या बाबतीत मात्र ‘जरा जास्त पडले, कीड चांगली मरेल’ असे म्हणून हात झटकतो.

दुसरी गोष्ट काढणीची. फवारणीनंतर किती दिवस भाजी तोडू नये, हे लेबलावर लिहिलेले असते. शेतकरी तोडणीचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखू शकतो. गच्चीवरची भेंडी आपण एक दिवसाआड तोडतो आणि सांभार तर रोज फोडणीच्या वेळी खुडून आणतो. सकाळी सासूबाईंनी फवारले आणि संध्याकाळी सुनेने तोडले, असे घराघरांत घडू शकते. शिवाय काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसात मिसळतात आणि पाने-फळांत पोहोचतात. अशी भाजी नळाखाली कितीही धुतली, तरी आत गेलेले विष धुतले जात नाही. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरायला सरकारने २००५ मध्येच बंदी घातली, ती उगीच नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. ती म्हणजे उरलेल्या बाटलीची. गच्चीसाठी मोठी बाटली महाग पडते. म्हणून शेजारच्या शेतकऱ्याकडून, नाहीतर दुकानदाराच्या ओळखीने, शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत थोडेसे मागून आणले जाते. कीटकनाशक सीलबंद आणि लेबल असलेल्या वेष्टनातच विकले पाहिजे, असा कायदा आहे. पण ओळखीपुढे कायदा कोण पाहतो? काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलाला त्याचे आजोबा खांद्यावर टाकून माझ्याकडे घेऊन आले. तोंडातून फेस, अंग घामाने डबडबलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. जिन्याखाली सरबताच्या बाटलीत वांग्यांवर मारायचे ‘औषध’ ठेवले होते. पोराने सरबत समजून घोट घेतला. वेळेवर ॲट्रोपिनची इंजेक्शने मिळाली, पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात नेता आले आणि ते पोर वाचले. सगळीच पोरे वाचत नाहीत.

बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतले माध्यान्ह भोजन खाऊन तेवीस मुले दगावली. ज्या तेलात स्वयंपाक झाला, त्यात मोनोक्रोटोफॉस सापडले. विषाचा डबा आणि खाण्याच्या वस्तूचा डबा यांची गल्लत झाली, की काय होते त्याचे याहून भीषण उदाहरण नाही. आणि आपल्याला तर फार दूर जायलाही नको. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. ती माणसे विष प्यायली नव्हती. नाकातोंडातून आणि कातडीतून ते अंगात गेले होते. ज्या द्रव्याने रोज फवारणी करणारा जाणता माणूस आडवा होतो, ते आपण चपला घालून, तोंडावर रुमालही न बांधता गच्चीवर मारायचे, यात कोणते शहाणपण?

आणखी एक गोष्ट लिहिताना जड जाते, पण लिहिली पाहिजे. रागाच्या, अपमानाच्या किंवा नापास झाल्याच्या एका क्षणी हाताशी विष असणे आणि नसणे, यात जीवन-मरणाचे अंतर असते. तो क्षण पुष्कळदा ओसरतो. बाटली समोर असेल तर तो ओसरायच्या आत घात होतो. श्रीलंकेने अत्यंत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक खाली आले. शेतकऱ्याच्या घरात विष ठेवावे लागते, ही त्याची अडचण आहे. त्याने ते कुलूपबंद पेटीत ठेवावे, एवढेच आपण सांगू शकतो. पण दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार मिरच्यांच्या झाडांपायी ती बाटली ठेवण्याचे काहीएक कारण नाही.

यावर कुणी म्हणेल, ‘मग शेतकरी फवारतो ती भाजी आपण खातोच की!’ खरे आहे. पण शेतकऱ्याचे पीक गेले तर त्याचे वर्ष जाते, कर्ज अंगावर राहते. आपले मिरचीचे झाड गेले तर दहा रुपयांची मिरची बाजारातून आणता येते. गच्चीवरच्या बागेचा सर्वांत मोठा फायदा हाच, की तिथे हरण्याची मुभा आहे. ती मुभा सोडून आपण शेतकऱ्याच्या नाइलाजाची नक्कल का करावी?

झाडाचे दुखणे बहुधा कुंडीत असते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाने आकसली, पिवळी पडली, फुले गळाली, तर करायचे काय? माणसाच्या बाबतीत आम्ही डॉक्टर आधी खाणे, पाणी, झोप आणि हवा विचारतो, मग औषधाकडे वळतो. झाडाचेही तसेच आहे. कुंडीतल्या झाडाच्या बहुतेक तक्रारी ऊन, पाणी, माती आणि गर्दी या चार गोष्टींतून निघतात.

ऊन : टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी यांना रोज पाच-सहा तास सरळ ऊन हवे. सावलीत ठेवलेले टोमॅटोचे रोप उंच, लुसलुशीत वाढते, फळ धरत नाही आणि मावा त्यालाच आधी गाठतो. कमी ऊन असेल तर पुदिना, पालक, सांभार लावावा. याउलट मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा हिरवी जाळी बांधावी लागते.

पाणी : कुंड्यांतली जास्त झाडे तहानेने नव्हे, अतिपाण्याने मरतात. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. दुपारी पाने माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा उभी राहतात, ती उन्हाची तिरीप असते. त्या वेळी धावत जाऊन पाणी ओतू नये. डब्याच्या बुडाला चार-पाच भोके हवीतच. टोमॅटोच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडतो, त्याला पुष्कळ जण कीड समजतात. ती कीड नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले की फळाला चुना म्हणजे कॅल्शियम नीट पोहोचत नाही, म्हणून तो डाग पडतो. पाणी नियमित करा, पुढची फळे चांगली येतील.

माती : आपली काळी माती वावरात सोने आहे, पण डब्यात एकटी भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की भेगाळलेला दगड! एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग नारळाचा भुसा किंवा कुजका पालापाचोळा असे मिश्रण करावे. ते हलके असते, स्लॅबवरही भार कमी पडतो. शेण ताजे घालू नये. त्याने मुळे पोळतात आणि त्यातले जंतू कच्च्या खाण्याच्या भाजीवर येतात. ज्या डब्यात यंदा वांगे होते, त्यात पुढच्या वेळी टोमॅटो किंवा मिरची लावू नये. ही तिन्ही एकाच कुळातली आहेत, त्यांचे बरेच रोगही सारखेच. मधे मेथी किंवा चवळी घ्यावी. उन्हाळ्यात रिकाम्या डब्यांतली माती ओली करून प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदाखाली चार-सहा आठवडे तापू द्यावी. वऱ्हाडचे ऊन फुकट आहे आणि ते मातीतले कितीतरी रोगजंतू मारते.

गर्दी : पंधरा लिटरच्या डब्यात टोमॅटोचे किंवा वांग्याचे एकच झाड. लोभाने तीन लावली तर तिन्ही रोगट होतात. पानांतून वारा खेळला नाही, की पावसाळ्यात करपा आणि भुरी ठरलेली.

कीड आलीच तर?

रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन दोन मिनिटे पानांची खालची बाजू पाहावी. मावा, पांढरी माशी, कोळी यांचे बिऱ्हाड तिथेच असते. कीड चार पानांवर असताना दिसली तर ती पाने खुडून टाकली की काम भागते. मावा बोटांनी चिरडावा किंवा पाण्याच्या जोरदार धारेने पाडावा. मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली तर वर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजावे, कारण मुंग्या त्यांचा गोड रस चाटायला जातात आणि त्यांना राखतात. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढावेत. साबणाचे पाणी म्हणजे लिटरला चमचाभर साधा द्रवसाबण. कपडे धुण्याची पावडर नव्हे. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल किंवा ग्रीस फासून तो झाडाजवळ टांगावा. पिवळ्या रंगाला भुलून पांढरी माशी आणि मावा त्याला चिकटतात.

आणि आपले कडुलिंबाचे झाड तर आहेच. या दिवसांत कडुलिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेचून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी पिळून गाळून घ्याव्यात, थोडा साबण घालून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. उन्हाने त्याचा गुण लवकर जातो, म्हणून वेळ संध्याकाळची. आठवड्याने पुन्हा करावे. निंबोळी अर्काने कीड तडकाफडकी मरत नाही. तिचे खाणे आणि वाढ थांबते. तेव्हा चार दिवस धीर धरावा. हा अर्कही मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि भाजी धुऊनच खावी.

‘घरगुती म्हणजे निर्धोक’ हाही एक गैरसमज आहे. काही जण तंबाखू उकळून फवारतात. तंबाखूतले निकोटिन हे जहाल विष आहे आणि ते कातडीतूनही अंगात जाते. हा उपाय कुणीही करू नये. एवढेच नव्हे, तंबाखूतून एक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. खर्रा घोटलेल्या हातांनी रोपे हाताळणाऱ्यांनी आधी हात साबणाने धुवावेत. झाडाच्या निमित्ताने खर्रा सुटला तर दुधात साखर!

आता त्या आकसलेल्या पानांचे. मिरचीची पाने फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही वळतात. अशा वेळी वरचे उपाय लागू पडतात. पण शेंडाच बोकडला, नवी पाने बारीक, चुरडलेली येऊ लागली आणि वाढ खुंटली, तर तो विषाणू असण्याचा संभव मोठा. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, तोही विषाणूच. त्यावर बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही फवाऱ्याचा उपयोग नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून टाकून द्यावे. एक झाड गेले तर पाच वाचतात. आठ दिवस पैसे घालवून, विष फवारून शेवटी तेच करावे लागते.

झाड वाचवताना माणसे आजारी पडू नयेत

कुंडीखाली ठेवलेली बशी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते बाळंतघर आहे. एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. बशा, बादल्या, पिंपे आणि उन्हाळा संपला तरी तसाच पडलेला कूलर, सगळे रिकामे करून घासायचे. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. माझे तर मत आहे, की कुंडीखालच्या बशा काढूनच टाकाव्यात.

डबे निवडतानाही डोळे उघडे ठेवावेत. कीटकनाशकाचा किंवा कसल्याही रसायनाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नये. जुन्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगांतल्या शिशाला सरकारने कडक मर्यादा घातली ती २०१६ च्या नियमांनी. तेव्हा जुन्या खिडक्या-कठड्यांचे पोपडे कुंडीत पडू देऊ नयेत आणि बॅटरीच्या किंवा भंगाराच्या दुकानाजवळची माती आणू नये. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते आणि तो अपाय भरून निघत नाही.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी माती तुडवू नये. हातमोजे घालावेत, काटा लागला तर दुर्लक्ष करू नये. मातीत-खतात काम करणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताचे इंजेक्शन दर दहा वर्षांनी घेतले आहे ना, हे पाहावे.

आणि शेतकरी वाचकांसाठी, ज्यांना विष हाताळावेच लागते, त्यांच्यासाठी चार ओळी. डब्यावरच्या चौकटीत लाल रंग असेल तर ते सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. फवारताना किंवा नंतर मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणे, अंग थरथरणे असे काही झाले तर कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये, दूध-ताक पाजत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि विषाचा डबा लेबलासकट डॉक्टरला दाखवावा. त्या लेबलावरून उपचार ठरतो.

मग एवढ्या खटाटोपाने मिळते काय, असे विचाराल. खोटी आशा दाखवत नाही. माणशी रोज चारशे ग्रॅम भाज्या-फळे खावीत असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चौघांच्या घराला दीड किलोवर भाजी-फळे लागतात. दहा कुंड्यांतून ती निघणार नाहीत. बाजाराची पिशवी सुटणार नाही. पण मुठभर मेथी, चार मिरच्या, ताजा सांभार, कढीपत्ता हे रोज निघते. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायका रक्तक्षय असलेल्या आढळल्या. पालेभाजीतले लोह अंगी लागायला वर लिंबू पिळावे लागते. एक लिंबाचे झाडही मोठ्या पिंपात येते. शिवाय जे पोर बाजारची पालकाची भाजी ताटात लोटून देते, ते स्वतः पाणी घातलेली भाजी कौतुकाने खाते, हा अनेक आयांचा अनुभव आहे.

पानाला भोक असलेली भाजी पाहून नाक मुरडण्याची सवय मात्र आपल्याला सोडावी लागेल. अळीने जरासे खाल्लेले पान कापून टाका, उरलेले शिजवा. अळीला जे पान चालले, ते खाऊन आपण आजारी पडत नाही. ज्या पानाला एकही अळी शिवली नाही, त्याची चौकशी करावी. आणि कुणाच्या घरी बिनलेबलाची ‘औषधाची’ बाटली असेल, तर हा अंक वाचून झाल्यावर आधी तिला मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलुपात ठेवा. मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. ती कुणाकडून आणली, त्याला परत कशी करता येईल, हे विचारा आणि तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याचा सल्ला घ्या. पेरणी त्यानंतर करा. मृगाचा पाऊस दोन दिवस थांबेल.